बनारसमध्ये उतरायचं कुठे? गाणं, घाट आणि गल्ल्यांसाठी जाणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

विश्वनाथाचं दर्शन, गंगास्नान आणि कालभैरव एका दिवसात उरकून प्रयाग-अयोध्येकडे निघणाऱ्यांना या पानाचा फारसा उपयोग नाही. त्यांनी देवळाजवळ किंवा स्टेशनजवळ मिळेल तिथे पाठ टेकावी. ज्यांना बनारसमध्ये तीन-चार दिवस नुसतं राहायचं आहे, गाणं ऐकायचंय, गल्ल्यांत हरवायचंय, घाटावर रिकामं बसायचंय, त्यांच्यासाठी हे लिहिलंय.

हॉटेल कुठलंही घेतलं तर काय बिघडतं? रिक्षा असतातच की.

रिक्षा असतात, पण जिथे तुम्हाला जायचंय तिथवर त्या जात नाहीत. जुनं शहर, म्हणजे बनारसी लोक ज्याला पक्का महाल म्हणतात ते, पायी फिरायचं शहर आहे. गोदौलिया चौकापर्यंत कशीबशी ई-रिक्षा (तिकडे तिला टोटो म्हणतात) येते, गर्दीच्या दिवशी तीही अलीकडेच अडवतात. पुढे बोळच बोळ, त्यात बैल, मोटरसायकली आणि समोरून येणारी अंत्ययात्रा.

दुसरं म्हणजे बनारसमध्ये पाहण्यासारखं जे आहे ते पहाटे साडेचार ते आठ आणि संध्याकाळनंतर. दुपारी घाटावर ऊन भाजतं, तेव्हा खोलीवर येऊन पडायचं असतं. मुक्काम लांब असेल तर पहाट हातची जाते, दुपारची विश्रांती होत नाही आणि रात्री मैफल रंगात आली की परतीच्या रिक्षाची चिंता सुरू होते. म्हणून आधी घाट ठरवा, हॉटेल नंतर. अस्सीपासून आदिकेशवापर्यंत चौऱ्याऐंशी घाट सहा-सात किलोमीटरमध्ये पसरलेत, आणि प्रत्येक टप्प्याचा स्वभाव वेगळा आहे.

पहिल्यांदाच जातोय, चार मुक्काम आहेत. एकच जागा सांगा.

केदारघाट ते चौसट्टीघाट हा पट्टा, म्हणजे मागच्या बाजूने पाहिलं तर बंगाली टोला. उत्तरेला दशाश्वमेध दहा-पंधरा मिनिटांवर, दक्षिणेला अस्सी अर्ध्या तासावर, दोन्हीकडे घाटाघाटाने चालत जाता येतं. गर्दी मात्र या दोन्ही ठिकाणांच्या मानाने पुष्कळ कमी.

बंगाली टोल्याची गल्ली हे एक प्रकरणच आहे. सकाळी सहाला तिथे दुकानांच्या फळ्या अजून लागलेल्या असतात. एखाद्या ओट्यावर कढई तापत असते, कचोरीवाला पहिला घाणा काढत असतो आणि वरच्या मजल्यावरून कुणीतरी दोरीला बांधलेली टोपली खाली सोडून दूध घेत असतं. पाट्या बंगालीत, थोड्या पुढे गेलात की तमिळ आणि तेलुगूत, कारण केदारेश्वर आणि हनुमानघाटाच्या आसपास दक्षिणेकडच्या लोकांची जुनी वस्ती आहे. तमिळ कवी सुब्रह्मण्य भारती तरुणपणी हनुमानघाटाजवळच राहत होते. इडली खायची हुक्की आली तर इथेच या.

हे सगळं असूनही खोल्या लहान असतात आणि लिफ्ट बहुधा नसते, हे धरून चाला.

सगळे ब्लॉगवाले अस्सीला राहा म्हणतात. खरंच एवढं चांगलं आहे?

कुणासाठी ते बघायला हवं. जुन्या गल्ल्यांचं बनारस हवं असेल तर अस्सी थोडी बाजूला पडते. रस्ता रुंद, गाडी थेट घाटाच्या तोंडाशी येते, कॅफे, पुस्तकांची दुकानं, योगवर्ग, बऱ्याच दिवसांसाठी राहणारे परदेशी लोक. ‘हे काही खरं बनारस नव्हे’ म्हणून नाक मुरडणारेही भेटतील. त्यांचं फार मनावर घेऊ नका.

गाण्यासाठी जाणाऱ्यांनी मात्र डोळे झाकून अस्सी घ्यावी. २०१४ पासून इथे रोज पहाटे ‘सुबह-ए-बनारस’ होतं: अंधारातच आरती, वेदपठण आणि मग उजाडता उजाडता घाटावरच्या मंचावर एखाद्याचं गाणं किंवा वाद्यवादन. कलाकार कधी नावाजलेला, कधी शिकाऊ, पण नदीवर उजेड पसरताना ऐकलेला भैरव फुकटात मिळतोय, तक्रार कसली करायची? खोली जवळ असेल तरच हे जमतं. दूरवरून पहाटे चारला उठून येण्याचा उत्साह पहिल्या दिवशी असतो, दुसऱ्या दिवशी नसतो.

अस्सीला लागून तुलसीघाट. तुलसीदासांचं वास्तव्य आणि १६२३ मधलं निधन इथलंच. महाशिवरात्रीच्या सुमारास या घाटावर ध्रुपद मेळा भरतो, १९७५ पासून. रात्रभर चालतो, तिकीट नाही. नुसत्या तानपुऱ्यांच्या साथीने आलाप सुरू असतो, श्रोते शाली-ब्लँकेटं गुंडाळून बसलेले असतात, मध्येच कुणी उठून घाटावर चहा घेऊन येतो. चैत्रात हनुमान जयंतीच्या सुमारास संकटमोचन मंदिरात संगीत समारोह होतो, तोही रात्रभर आणि तोही विनातिकीट. पंडित जसराज तिथे वर्षानुवर्षं गायले, गुलाम अलींनी २०१५ मध्ये हजेरी लावली. सवाई गंधर्वला खुर्चीचं तिकीट काढून जायची सवय असलेल्यांना देवळाच्या अंगणात फरशीवर बसून हे ऐकणं जरा वेगळं वाटेल. संकटमोचन अस्सीपासून चालत वीसेक मिनिटं, त्यामुळे पहाटे चारला मैफल सोडून निघालात तरी चिंता नाही.

शिवाय बनारस हिंदू विद्यापीठाचं लंका फाटक जवळ आहे. आतलं भारत कला भवन बघाच. राय कृष्णदास यांनी १९२० मध्ये सुरू केलेल्या या संग्रहात लघुचित्रं फार सुंदर आहेत आणि गर्दी जवळपास नसते.

आणि एक: मणिकर्णिका तांबे, पुढे झाशीच्या राणी लक्ष्मीबाई, यांचं जन्मस्थान म्हणून जे स्मारक आहे ते अस्सीच्या शेजारी भदैनीत. मराठी पर्यटकांच्या बस तिथे न थांबता पुढे जातात, हे काही बरं नाही.

मराठ्यांचं बनारस बघायचंय. त्यासाठी कुठे राहावं?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात, खरं तर मराठी माणसाने तो पहिला विचारायला हवा. बनारसचा आज दिसणारा नदीकाठ बऱ्याच अंशी अठराव्या-एकोणिसाव्या शतकात मराठी पैशाने बांधला गेला. विश्वनाथाचं आजचं देऊळ अहिल्याबाई होळकरांनी १७८० मध्ये बांधलं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. बाकीचं घाटाघाटाने चालत बघावं लागतं.

दशाश्वमेधाला लागून अहिल्याबाई घाट आणि मुन्शीघाट. मुन्शीघाटावरचा तो किल्ल्यासारखा वाडा नागपूरकर भोसल्यांचे मंत्री श्रीधर मुन्शी यांनी बांधलेला. पुढे तो दरभंग्याच्या राजांकडे गेला, आता तिथे महागडं हॉटेल आहे. उत्तरेला मणिकर्णिका घाट ओलांडला की बैजाबाई शिंद्यांचा सिंधियाघाट, त्याच्याशेजारी पाण्यात तिरकं कललेलं रत्नेश्वर महादेवाचं देऊळ, मग नागपूरकरांचा भोसलेघाट, अमृतराव पेशव्यांचा गणेशघाट, ग्वाल्हेरच्या जटारांचा जटारघाट. पंचगंगा घाटावर बिंदुमाधवाचं देऊळ, आणि अहिल्याबाईंचा दगडी दीपस्तंभ. कार्तिकी पौर्णिमेला त्याच्या शेकडो खाचांत पणत्या लागतात. त्यापुढे पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित यांच्या नावाशी जोडलेले दुर्गाघाट आणि ब्रह्माघाट.

दुर्गाघाट-ब्रह्माघाटाच्या मागच्या बोळांतून फिरताना दारांवरच्या आडनावांकडे लक्ष ठेवा. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेली मराठी घरं आहेत. बाहेर अस्सल बनारसी हिंदी आणि घरात जुन्या वळणाची मराठी. त्यांच्यातल्या कुणी ‘या, बसा’ म्हटलं तर घाई करू नका. गणेशोत्सवात या भागात मराठी घरांचा गणपती बसतो आणि कार्यक्रम होतात. एकनाथांनी भागवतावरच्या टीकेची समाप्ती शके १४९५ मध्ये काशीत केली आणि शिवरायांच्या राज्याभिषेकासाठी १६७४ मध्ये गागाभट्ट रायगडावर आले ते काशीहूनच, हे आठवत या बोळांतून चालायला मजा येते.

राहायचं म्हणाल तर पंचगंगेच्या आसपास थोडी गेस्टहाउसं आणि घरगुती खोल्या मिळतात. पूर्वी लोक आपल्या उपाध्यांकडे उतरत. तुमच्या घराण्याचे उपाध्ये अजून संपर्कात असतील तर आधी त्यांनाच फोन करा. सोयी कमी, शांतता भरपूर. रात्री नऊनंतर घाटावर आवाज असलाच तर पाण्याचा आणि कुत्र्यांचा. बिस्मिल्ला खाँ जिथे रियाझ करायचे ते बालाजीचं देऊळ याच टापूत आहे. दुसऱ्या किंवा तिसऱ्या खेपेला येणाऱ्यांनी इथेच राहावं असं माझं स्पष्ट मत. पहिल्या खेपेला मात्र सगळ्यापासून थोडं लांब पडतं.

गोदौलिया-दशाश्वमेधला देऊळ, आरती, बाजार सगळं जवळ आहे. तेच का नको?

नको असं नाही. सोय उत्तम आहे, झोप नाही. रोजची मोठी गंगा आरती इथली, विश्वनाथ गल्ली शेजारी, चाट आणि लस्सी हाताशी. पण भोंगे, घंटा, यात्रेकरूंचे जथे आणि ‘बाबू, नाव चाहिए?’ म्हणत मागे लागणारे पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत. श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला रस्ते बंद करतात, बॅरिकेड लागतात, आपल्याच हॉटेलवर पोचायला पोलिसांना पटवावं लागतं. एक मुक्काम असेल तर घ्या.

मणिकर्णिकेजवळ स्वस्त आणि चांगली खोली दिसतेय. घेऊ का?

स्वतःला ओळखून घ्या. इथे चिता दिवसरात्र जळतात, कधीच विझत नाहीत. धूर वाऱ्याबरोबर खिडकीत येतो, रात्री दोनलाही ‘राम नाम सत्य है’ ऐकू येतं, लाकडांचे ढीग दारापर्यंत आलेले असतात. काहींना त्यात काशीचं मर्म सापडतं, काहींचा दुसऱ्याच दिवशी जीव घाबरा होतो. लहान मुलं किंवा नुकतंच कुणी गमावलेलं माणूस बरोबर असेल तर नको. हरिश्चंद्र घाटालाही हेच लागू. आणि कुठेही राहा, चितांचे फोटो काढू नका. तिथल्या लोकांना ते खपत नाही, आणि खपू नयेच.

कबीरचौरा म्हणजे बनारस घराण्याचं माहेरघर. तिथेच राहिलं तर?

तबल्यातले किशन महाराज, गाण्यातले राजन-साजन मिश्र अशी किती नावं त्या एका मोहल्ल्याशी जोडलेली. कबीरांचा मठही तिथेच. हे वाचून लोक कल्पना करतात की दर खिडकीतून तबला ऐकू येत असेल. प्रत्यक्षात तो आज गजबजलेल्या रस्त्याचा, दवाखान्यांचा आणि औषधांच्या दुकानांचा भाग आहे. नदी लांब आणि बाहेरच्यांना राहण्यासारखी ठिकाणं मोजकी. एक संध्याकाळ जा. कबीर मठ बघा, गल्लीत शिरा, नशिबात असेल तर कुणाची शिकवणी चालू असलेली कानावर पडेल. मुक्काम घाटावरच ठेवा.

कॅन्टोन्मेंटमधली मोठी हॉटेलं कशी आहेत?

स्वच्छ, गार, निवांत आणि बनारसबाहेर. सारनाथ हाच मुख्य उद्देश असेल तर ठीक.

आई-वडील बरोबर आहेत, गुडघ्यांचा त्रास आहे.

मग अस्सी, आणि तीही रस्त्यालगतची इमारत, लिफ्टची खात्री करूनच. बाकी घाटांवर पायऱ्या उंच आणि उभ्या आहेत, हाताला धरायला कठडा नसतो. अस्सीहून नावेत बसून थेट दशाश्वमेधासमोर आरती पाण्यातून बघता येते, चालणं वाचतं. दर ठरवताना ‘सगळ्यांचे मिळून की माणशी’ आणि ‘परत आणून सोडणार का’ हे दोन प्रश्न नावेत पाय ठेवण्याआधी विचारायचे. विश्वनाथाच्या दर्शनाला वयस्कर माणसांसाठी व्हीलचेअरची सोय आहे का ते आदल्या दिवशी मंदिराच्या मदतकक्षात विचारून ठेवा.

‘गंगादर्शन’ खोलीचे जास्तीचे पैसे द्यावेत का?

घाट पूर्वाभिमुख आहेत, सूर्य पलीकडच्या वाळवंटावरून उगवतो, त्यामुळे खिडकीतून उजाडताना दिसणं हे खरंच मोलाचं आहे. एका रात्रीपुरते द्या. चारही रात्री देऊ नका, कारण पहाटे तुम्ही खाली घाटावर असायला हवं. बऱ्याच गेस्टहाउसांना गच्ची असते; मागची खोली आणि पुढची गच्ची हा चांगला सौदा. गच्चीला जाळी का मारली आहे म्हणून विचारू नका, माकडं स्वतःच उत्तर देतील.

बुकिंग करताना काय विचारून घ्यावं?

फोन करा, नुसत्या फोटोंवर जाऊ नका. गाडी जिथे थांबते तिथून दारापर्यंत किती मिनिटं चालावं लागेल आणि सामान न्यायला माणूस पाठवणार का, हे पहिलं. खोली कितव्या मजल्यावर, लिफ्ट आहे का, हे दुसरं. घाटावरचं हॉटेल असेल तर पावसाळ्यात घाटाच्या बाजूचा रस्ता बंद झाल्यावर मागच्या गल्लीतून वाट आहे ना, हेही विचारा. चाकांची मोठी बॅग नेऊ नका. फरशीवर शेण असतं आणि चाकं त्यातूनच जातात.

जायचं कधी?

ऑक्टोबर अखेर ते मार्च. पण डिसेंबर संपताना आणि जानेवारीत धुकं असं पडतं की गाड्या तासन्‌तास उशिरा येतात आणि सूर्योदय नुसता अंदाजाने साजरा करावा लागतो. त्याची भरपाई मलइयोने होते. थंडीतच मिळणारा हा दुधाचा केशरी फेस ठठेरी बाजार-चौखंभा भागात सकाळी मातीच्या कुल्हडात देतात. जिभेवर ठेवला की नाहीसा, आणि दहा वाजेपर्यंत संपलेला. ठठेरी बाजारात गेलातच आहात तर हिंदी साहित्यिक भारतेंदु हरिश्चंद्रांचा वाडा तिथेच आहे.

कार्तिकी पौर्णिमेच्या देवदिवाळीला सगळे घाट पणत्यांनी उजळतात, आणि खोल्यांचे भाव कित्येक पट चढतात. महिनोन्‌महिने आधी बुकिंग नसेल तर त्या दिवशी जाऊ नका.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गंगा चढते. पायऱ्या पाण्याखाली जातात, घाटाघाटाने चालणं बंद, नावा बंद, आरती वर सरकते. तेव्हा गल्ल्यांतच राहायचं असेल तरच या.

रामनगरची रामलीला बघायचीय. रामनगरातच राहावं का?

अनंत चतुर्दशीपासून सुमारे महिनाभर चालणारी ही लीला काशीनरेशांच्या आश्रयाने होते. माइक नाही, विजेचे दिवे नाहीत. मशाली आणि पेट्रोमॅक्सच्या उजेडात रामायणी लोक तुलसीदासांच्या रामचरितमानसातल्या चौपाया म्हणतात, हजारो माणसं गप्प बसून ऐकतात. रोजचा प्रसंग वेगळ्या जागी, अयोध्या एकीकडे, लंका दुसरीकडे, आणि प्रेक्षकही मागोमाग चालतात. रामनगरात राहण्याची सोय जेमतेम. अस्सी किंवा विद्यापीठाच्या फाटकाजवळच्या लंका भागात राहा. सामनेघाटाच्या पुलावरून पलीकडे जाता येतं. परतीची रिक्षा जातानाच ठरवून ठेवा, रात्री सगळे एकदम निघतात.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नाटी इमलीचा भरतमिलाप असतो. प्रसंग काही मिनिटांचा, गर्दी अफाट. दुपारीच जाऊन जागा धरावी लागते.

एकटी बाई म्हणून कुठे राहणं बरं?

अस्सी किंवा केदार-चौसट्टी पट्टा, शक्यतो कुटुंब राहत असलेलं गेस्टहाउस. घाट संध्याकाळी गजबजलेले असतात, पण साडेनऊ-दहानंतर मधले टप्पे सुनसान होतात. तेव्हा घाटाने न येता मोठ्या रस्त्याने या. सलगी करणारे ‘गाइड’, साडीच्या दुकानात नेऊ पाहणारे ‘भाऊ’ आणि मसणात लाकडासाठी दान मागणारे, तिघांनाही ‘नाही’ एकदाच आणि न थांबता सांगायचं.

बनारसी शालू विणताना बघायचाय.

मदनपुरा बंगाली टोल्याच्या जवळच आहे, पीलीकोठी आणि अलईपुरा उत्तरेकडे. हातमागाचा खटका ऐकू आला की थांबा, विचारा, बहुतेक जण आत बोलावतात. विकत घ्यायचंच असं बंधन नाही, पण विणकराचा अर्धा तास घेतलात तर निदान विणकाम समजून घ्या: कढुवा म्हणजे प्रत्येक बुट्टी स्वतंत्र विणलेली, मागे लोंबते धागे नसलेली. एवढं कळलं तरी दुकानात फसणं निम्म्याने कमी होतं.

दोन ठिकाणी मुक्काम करावा का?

पाच किंवा जास्त रात्री असतील तर नक्की. आधी केदारघाट, मग अस्सी. किंवा जुन्या ओळखीच्यांनी पंचगंगा आणि अस्सी. सामान नावेतून हलवा, अर्ध्या तासाचं काम आणि शहर बघून होतं. सारनाथ यातल्या कुठूनही दहा-बारा किलोमीटर, अर्धा दिवस पुरतो. तिथलं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं, आणि चार सिंहांचा अशोकस्तंभशीर्ष आत आहे, त्यामुळे वार बघून जा.

महाराष्ट्रातून जाताना कुठल्या स्टेशनवर उतरावं?

मुंबईहून महानगरी वाराणसी जंक्शनला जाते, त्याला स्थानिक लोक कॅन्ट म्हणतात. पुण्याहून ज्ञानगंगा ‘बनारस’ स्टेशनला संपते. हे जुनं मंडुआडीह, २०२१ मध्ये नाव बदललं. अस्सीसाठी बनारस स्टेशन सोयीचं, पंचगंगा-दुर्गाघाटासाठी कॅन्ट. पं. दीनदयाल उपाध्याय, म्हणजे जुनं मुगलसराय, नदीपलीकडे आहे, तिथून शहरात यायला तास धरा. विमानाने आलात तर बाबतपूर साधारण पंचवीस किलोमीटर; टॅक्सीवाल्याला घाटाचं नाव सांगून भागत नाही, गाडी थांबते तो चौक सांगा. केदारघाटासाठी सोनारपुरा, दुर्गाघाटासाठी मैदागिन, अस्सीसाठी अस्सी चौराहा.